शेगडी आणि दीड-दोन वर्षांचं पोर: फाटक लावायचं की शिकवायचं?

दहिसरची आई
परवा कणीक मळायला पाठ फिरवली, तेवढ्यात २० महिन्यांच्या लेकीने टाचा उंचावून शेगडीचा नॉब फिरवला. सूंऽ आवाज आला म्हणून कळलं. घर वन बीएचके, बिल्डरने स्वयंपाकघराला दारच दिलेलं नाही. माझं मत, तीन वर्षांची होईपर्यंत तिला ओट्यापाशी येऊच देऊ नये, जाळीचं फाटक बसवावं. सासूबाई म्हणतात, "माझी तिघं चाळीत स्टोव्हच्या शेजारी वाढली. तुमचं आपलं काहीतरीच!"

लालबागचा बाबा
मी सासूबाईंच्या पार्टीत. दहा बाय बाराच्या खोलीत फाटक लावू कुठे? आम्ही लेकाला कोमट वाटीला बोट लावून 'हाऽ' शिकवलं. आता शेगडी दिसली की लांबूनच 'हाऽ' करतो.

दोन पिलांची आई
माझा 'हाऽ' करायचा आणि मग जाऊन हात लावायचा! या वयात कळतं, पण आवरत नाही. चाळीत वाढलेल्यांचं म्हणाल तर माझ्या दंडावर स्टोव्हचा डाग अजून आहे, आईला विचारलं तर तीही म्हणेल "तुम्ही मस्त वाढलात".

आणि नुसती शेगडी काय धरून बसलात? आमच्याकडे थोरला भाजला तेव्हा गॅस बंद होता. चहाचं पातेलं उतरवून ओट्याच्या कडेला फडक्यावर ठेवलं होतं, त्याने खालून फडकं ओढलं. शेजारच्या काकू हळद घेऊन धावल्या, नवरा टूथपेस्ट. दोघांनाही थांबवलं आणि हात नळाखाली धरला. मे महिन्याची दुपार, गच्चीवरच्या टाकीचं पाणी तेच कढत! शेवटी पिंपातलं पाणी तांब्याने ओतत बसलो, २० मिनिटं. बर्फही लावला नाही. मग दवाखाना.

इंडक्शनवाला
इंडक्शन घ्या. जाळ नाही, गॅस नाही. विषय संपला.

दोन पिलांची आई
पातेलं उचलल्यावर काच तापलेलीच असते हो, आणि जाळ दिसत नाही म्हणून पोर बेधडक हात ठेवतं. शिवाय वायर लोंबते ती वेगळीच. आणि भाकरी कशावर शेकू?

मुलुंडचे आजोबा
फाटक लावा नाहीतर नका लावू, आधी नॉब फिरला तरी गॅस येणार नाही एवढं करा. काम झालं की सिलिंडर असेल तर रेग्युलेटर बंद, पाइप गॅस असेल तर शेगडीजवळचा व्हॉल्व्ह बंद. सिलिंडरचा गॅस हवेहून जड, तो जमिनीलगत साचतो, म्हणजे नेमका पोराच्या उंचीवर. पाइपचा हलका, तो वर जातो. वास आला तर दिवा-पंख्याच्या बटणाला हात लावायचा नाही, खिडक्या उघडायच्या. सिलिंडरची गळती असेल तर घराबाहेर येऊन १९०६ ला फोन.

दुसरं, परदेशी सल्ला असतो 'मागच्या बर्नरवर शिजवा'. आपल्या शेगडीचे बर्नर शेजारी-शेजारी, मागचा आणणार कुठून? नळी ताणली जाणार नाही इतपत शेगडी भिंतीकडे सरकवा, कढई-पातेल्यांचे दांडे आत वळवा. तळण पोर झोपल्यावर.

लालबागचा बाबा
रेग्युलेटरचं पटलं. दिवसातून दहा वेळा चहा होतो आमच्याकडे, तरी करतो. फाटकाला मात्र अजूनही नाही. आमच्या खोलीत ते लावलं तर पोराऐवजी मीच आत अडकेन.

दहिसरची आई
फाटक शनिवारी येतंय. तोवर नॉब ओढून काढले, आमच्या शेगडीचे निघतात, आणि वरच्या फळीवर डब्यात ठेवले. सकाळी सहाला सासूबाईंची हाक: "अगं, शेगडीचे कान कुठे ठेवलेस? चहा खोळंबलाय!"