हाताने काढलेल्या चित्रांची हालचाल संगणकाकडे सोपवावी का?

धागाकर्ता
रंगवलेले चित्र स्कॅन करायचे, पात्राचे हातपाय सुटे करून आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये सांधायचे, दोन की-फ्रेममधली (हालचालीच्या ठरवून दिलेल्या मुख्य स्थितींमधली) हालचाल संगणकाकडून भरून घ्यायची आणि वर कागदाचा पोत चढवून त्याला हस्तनिर्मित ॲनिमेशन म्हणायचे, ही पद्धत जाहिरातींत आता सर्रास दिसते. माझा तिला विरोध आहे. सेकंदाला २४ फ्रेमच्या चित्रपटात एक चित्र दोन फ्रेम धरले, तरी मिनिटाला ७२० चित्रे लागतात आणि प्रत्येक चित्रात अंतर, वजन, थबकणे यांचा निर्णय चित्रकार नव्याने घेतो. रेषेची थरथरही त्यातूनच येते. पोत हाताचा आणि गती यंत्राची, ही फारकत डोळ्यांना खुपते.

प्रतिसाद १
असहमत. हात आणि यंत्र वेगळे होते तरी कधी? दादासाहेब फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्या नाचवल्या, तेव्हाही गतीचा भास कॅमेऱ्यानेच घडवला. ‘कोरलाइन’ (२००९) या बाहुलीपटात त्रिमितीय छपाईने केलेल्या चेहऱ्यांचे वरचे आणि खालचे भाग सुटे होते, आणि त्यांच्यामधल्या सांध्याची रेघ नंतर संगणकावर पुसली गेली. त्यामुळे बाहुल्या हलवणाऱ्यांचे श्रम उणे ठरतात का? शिवाय मधली चित्रे मुख्य ॲनिमेटर स्वतः क्वचितच काढत असे. ते काम इनबिटवीनर करत, ज्यांची नावे प्रेक्षकांपर्यंत फारशी पोहोचलीच नाहीत. तेच काम संगणकाने केले, तर कलेचे नेमके काय बिघडते?

प्रतिसाद २
‘क्लाउस’ (२०१९) पाहावा. पात्रे हाताने काढलेली आहेत, पण त्यांच्यावरचा उजेड आणि सावल्या डिजिटल साधनांनी चढवल्या आहेत. मला तिथे कुठलीही फारकत जाणवली नाही.

धागाकर्ता
उजेड किंवा पुसलेली रेघ यांना माझी हरकत नाही. हरकत गतीला आहे. इनबिटवीनरला मुख्य ॲनिमेटर चित्राच्या कडेला अंतरांचा तक्ता आखून देत असे. म्हणजे चित्र दुसऱ्याने काढले, तरी कोणते चित्र कोणाच्या जवळ असावे हे एका माणसाने ठरवलेले असे.

प्रतिसाद १
मग सॉफ्टवेअरच्या ग्राफ एडिटरमधली, हालचाल कुठे वेगाने आणि कुठे संथ व्हावी हे ठरवणारी वक्ररेषा म्हणजे तोच तक्ता नव्हे का? ‘स्पायडर-मॅन : इनटू द स्पायडर-व्हर्स’ (२०१८) त्रिमितीय आहे, तरीही ॲनिमेटरांनी अनेक ठिकाणी एकच ठेवण दोन फ्रेम धरली आणि नेहमीचा मोशन ब्लर, म्हणजे हलत्या गोष्टींचा धूसरपणा, टाळला. चेहऱ्यांवरच्या रेषा कलाकारांनी आखल्या, पुढच्या फ्रेममध्ये त्या कुठे सरकतील याचा अंदाज यंत्राने बांधला आणि तो माणसांनी सुधारला. निर्णय कोणाचा हे साधनावरून ठरत नाही.

धागाकर्ता
ॲनिमेटर ती वक्ररेषा प्रत्येक हालचालीसाठी स्वतः वळवत असेल, तर तिला मी तक्त्याचाच मान देईन. पण घाईच्या कामात सगळ्या की-फ्रेम निवडून सुरुवात आणि शेवट आपोआप संथ करणारा एकच तयार ‘ईझी ईझ’ लावला जातो, आणि मग म्हातारीची मान व झाडाची फांदी एकाच लयीत हलतात. असे काम मी हस्तनिर्मित मानणार नाही, मग मूळ चित्रे कितीही कष्टाने रंगवलेली असोत.