वायरिंग नवं केलं की टेस्ट रिपोर्ट सक्तीचा करावा का?

डोंबिवलीकर (धागालेखक):

आमची सोसायटी ऐंशीच्या दशकातली. सध्या एकामागून एक फ्लॅटचं नूतनीकरण चाललंय. बिल्डरने तेव्हा दोन ट्यूब, तीन पंखे आणि एक फ्रिज धरून वायरिंग केलेलं. आता त्याच घरात दोन एसी, गीझर, इंडक्शन, मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन. साहजिकच सगळे भिंती फोडून नवं कन्सील्ड (भिंतीच्या आतून जाणारं) वायरिंग करून घेतात.

काम सुरू करण्याआधी सोसायटी मजुरांची ओळखपत्रं घेते, लिफ्टसाठी अनामत घेते. राडारोडा कुठे टाकला याची पावती आणि बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगची लेखी हमीही मागते. वायरिंग कोणी केलं, ते तपासलं का, हे मात्र कोणीच विचारत नाही. खालच्याच्या छताला ओल आली की भांडण होतं म्हणून वॉटरप्रूफिंगचा कागद लागतो. भिंतीतल्या वायरीचं भांडण होत नाही, म्हणून तिचा कागद नाही.

मी येत्या सर्वसाधारण सभेत ठराव मांडणार आहे: परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट (वायरिंग तपासल्याचा सही केलेला कागद) दिल्याशिवाय नूतनीकरणाची अनामत परत करायची नाही. यात मी नवीन काही मागत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेचे नियम (आधी २०१०चे, आता २०२३चे) सांगतातच की बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली तर विजेचं काम परवानाधारक ठेकेदारानेच करायचं, तेही सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली. नवा मीटर घेताना वीज कंपनी टेस्ट रिपोर्ट मागते. त्यानंतर तुम्ही अख्खं घर उकरून नवं वायरिंग टाका, कोणी फिरकत नाही.

मतं हवीत. विरोधातली आधी आली तर बरं, सभेत उपयोगी पडतील.

आडवाप्रश्न:

घ्या, विरोधातलं पहिलं मत.

माझ्या नव्या मीटरच्या वेळी टेस्ट रिपोर्ट कसा मिळाला सांगतो. वीज कंपनीच्या कार्यालयाबाहेर एकाने विचारलं, "किती पॉइंट आहेत साहेब?" मी अंदाजे सांगितले. त्याने आधीच सही-शिक्का मारलेला फॉर्म काढला, नाव-पत्ता आणि पॉइंट भरले, पैसे घेतले. ठेकेदाराने माझं घर आजतागायत पाहिलेलं नाही. आणि गंमत म्हणजे त्या फॉर्मवर इन्सुलेशन रेझिस्टन्सचा, म्हणजे वायरीचं आवरण वीज किती अडवतं त्याचा आकडा छापूनच आला होता. माझ्या आधीच्या सगळ्यांच्या भिंतींचाही तोच असणार!

हे पीयूसीसारखं होणार. गाडी धूर ओकत असते आणि काचेच्या आत प्रमाणपत्र असतं. तुमच्या ठरावाने वायरिंग सुधारणार नाही, शिक्केवाल्यांचा धंदा तेवढा वाढेल. शिवाय कागद आहे म्हणून लोक निर्धास्त होतील, हा वेगळाच धोका.

तारतंत्री:

मी आयटीआय करून वायरमनचा परवाना घेतलेला माणूस आहे, वीस-बावीस वर्षं हेच करतोय. आडवाप्रश्न म्हणतात ते खरं आहे, आमच्या धंद्यातली लाज आहे ती. पण तपासणीच नको, हा त्यावर उपाय कसा?

जुन्या घरात मला काय सापडतं ते लिहितो. फ्रिजच्या तीन पिनी सॉकेटची प्लेट उघडली की आत न्यूट्रलच्या (वीज परत नेणाऱ्या वायरीच्या) टर्मिनलवरून अर्थच्या (गळती जमिनीत नेणाऱ्या वायरीच्या) टर्मिनलला बोटभर वायरचा तुकडा जोडलेला. घरात अर्थिंगची वायर आणलेलीच नसते, म्हणून मागच्या माणसाने न्यूट्रललाच अर्थ बनवलेलं. टेस्टर लावा, सगळं ठीक दिसतं. तीन दिव्यांचा प्लग टेस्टर लावा, तोही "ओके" म्हणतो, कारण न्यूट्रल आणि अर्थ एकत्र केलेत हे त्याला कळतच नाही. फ्रिज वर्षानुवर्षं चालतो. मग एक दिवस मागे मीटरजवळ न्यूट्रलचा स्क्रू ढिला होतो. न्यूट्रल तुटलं, की फेज, म्हणजे आत येणारी वीज, फ्रिजमधून फिरून त्या तुकड्यावाटे फ्रिजच्या पत्र्यावर येतं. घरातली लाइट गेली म्हणून बाई बघायला जाते आणि फ्रिजच्या दांड्याला हात लावते.

हे प्लेट उघडल्याशिवाय दिसत नाही. म्हणून कोणीतरी उघडून बघायला हवं, आणि बघितल्याचं सही करून सांगायला हवं.

मीनाक्षी ठाणे:

मी सोसायटीची खजिनदार आहे, तिथून बोलते. आधीच आम्ही अग्निसुरक्षेचा फॉर्म बी वर्षातून दोनदा, जानेवारी-जुलैत देतो. लिफ्टची तपासणी असते, संरचनात्मक तपासणी असते. प्रत्येक कागदामागे कोणीतरी धावायचं, आणि धावणारे तेच ते चार निवृत्त काका आणि मी. आता हा आणखी एक. त्यातले आकडे मला कळणार आहेत का? आणि फाइलला रिपोर्ट असून उद्या काही झालं, तर "कमिटीने बघून घेतलं होतं" म्हणून आमच्याच गळ्यात.

दुसरं, तुम्ही सगळे मोठ्या फ्लॅटवाल्यांचा विचार करताय. आमच्या मागच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत एका पोराने केसिंग पट्टी मारून वायरिंग करून दिलं. परवाना नाही, पण हात स्वच्छ आहे. सक्ती आली की तो पोरगा बाद, आणि परवानेवाला त्या खोलीत यायचे जे पैसे मागेल ते त्या बाईला परवडणार नाहीत. ती मग कोणालाच बोलावणार नाही. तोंडाने वायर सोलून स्वतःच जोडेल.

डोंबिवलीकर:

मीनाक्षीताई, चाळीचा मुद्दा मान्य. माझा ठराव आमच्या सोसायटीपुरता आहे, जिथे नूतनीकरणाला लोक दहा-बारा लाख घालतात. त्यात तपासणीचे काही हजार म्हणजे झुंबराच्या किमतीपेक्षा कमी. जबाबदारीचं मात्र उलट वाटतं. आज कागदच नाही, तेव्हा बोट दाखवायला ठेकेदारही नाही. रिपोर्टवर त्याचा परवाना क्रमांक असेल, तर निदान माणूस सापडतो.

स्नेहल, स्लाऊ:

इथे इंग्लंड-वेल्समध्ये २००५ पासून इमारत नियमांचा पार्ट पी आहे. घरातलं मोठं काम, म्हणजे नवं सर्किट किंवा नवा कन्झ्युमर युनिट (आपला डीबी, म्हणजे घरातल्या मुख्य स्विचांची पेटी), नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनकडून करून त्याचं प्रमाणपत्र घ्यायचं, नाहीतर कौन्सिलला आधी कळवायचं. इंग्लंडमधल्या भाड्याच्या घरांना २०२० च्या नियमांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी आहे. आमच्या भाड्याच्या घरी तपासनीस आला तेव्हा अर्धा दिवस होता. प्रत्येक दोषाला श्रेणी देतात: सी१ म्हणजे धोका आत्ता आहे, सी२ म्हणजे होऊ शकतो, सी३ म्हणजे सुधारलं तर बरं. सी१-सी२ आलं की घरमालकाला २८ दिवसांत, किंवा रिपोर्टात कमी मुदत दिली असेल तर तितक्यात, काम करावं लागतं. आमच्याकडे बाथरूमचा पंखा सी२ निघाला. मालक कुरकुरला, पण केलं.

तरी आडवाप्रश्न यांच्यासाठी एक खाऊ देते. घर विकताना जुन्या कामाचं प्रमाणपत्र नसलं, तर बरेचदा वकील एक छोटी विमा पॉलिसी काढायला लावतात आणि व्यवहार पुढे जातो. भिंतीतली वायर आहे तशीच. म्हणजे कागदाची जागा दुसऱ्या कागदाने घेतली!

आडवाप्रश्न:

आभार, खाऊ पोचला. :)

माझा पर्यायी प्रस्ताव: रिपोर्ट सोडा, सोसायटीने प्रत्येक घरात ३० मिलिअँपचा आरसीसीबी सक्तीचा करावा. दोन-तीन हजारांत येतो. आत जाणारा आणि परत येणारा करंट सारखा नसला की क्षणात सप्लाय तोडतो. तारतंत्रींनी सांगितलेल्या फ्रिजच्या बाईलाही त्यानेच वाचवलं असतं. यंत्र चिरीमिरी घेत नाही, आणि कमिटीला बघायला सोपं, लावलाय की नाही एवढंच.

एक आकड्यांचं. विजेच्या धक्क्याने देशात दरवर्षी दहा हजारांवर माणसं जातात असं एनसीआरबीचे (देशभरच्या गुन्ह्यांची आणि अपघाती मृत्यूंची नोंद ठेवणाऱ्या केंद्रीय विभागाचे) अहवाल सांगतात, आणि सभेत कोणीतरी तो आकडा फेकणारच. त्यात शेतातली मोटर, लोंबणाऱ्या तारा, पुरात बुडालेले खांब सगळं येतं. फ्लॅटच्या वायरिंगसाठी तो वापरू नका.

तारतंत्री:

आरसीसीबी हवाच, वाद नाही. पण "लावलाय की नाही" बघून भागत नाही. मी जातो तिथे दर दोन-चार घरांमागे एकात तो डीबीत बसलेला असतो आणि वायर त्याला वळसा घालून गेलेली असते. का? "सारखा पडत होता", म्हणजे सप्लाय तोडत होता. तो पडतो कारण न्यूट्रल आणि अर्थ कुठेतरी एकत्र जोडलेले असतात, किंवा दोन खोल्यांनी मिळून एकच न्यूट्रल घेतलेलं असतं. आरसीसीबी बरोबर सांगत असतो आणि लोक त्यालाच काढतात.

आणि तो सगळं करत नाही. फेज आणि न्यूट्रल दोन्हींना एकदम हात लागला, तर त्याला पत्ता नसतो. पाइपच्या आत पिळा मारून टेप गुंडाळलेला जोड एसीच्या लोडने तापत राहिला, तर आग लागेपर्यंत त्याला काही कळत नाही. दीड एमएमच्या वायरीवर ३२ अँपचा एमसीबी (लोड जास्त झाला की पडणारा स्विच) बसवलाय, म्हणजे वायर आधी जळणार, एमसीबी नंतर पडणार. याला माणूसच लागतो.

आता मेगरचं, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या यंत्राचं. नियमातली चाचणी अशी: प्रत्येक लाइव्ह वायर आणि अर्थ यांच्यात ५०० व्होल्ट डीसी एक मिनिट द्यायचे, इन्सुलेशन निदान १ मेगाओहम भरलं पाहिजे. मेगरचं बटण दाबणं मिनिटाचं काम, पण आधी घरातले एलईडी ड्रायव्हर, चार्जर, पंख्यांचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर सगळं सोडवावं लागतं, नाहीतर त्या ५०० व्होल्टने तेच मरतात. म्हणून खरा रिपोर्ट फॉल्स सीलिंगचे दिवे लागायच्या आधी घ्यायचा. फर्निचर, रंग होऊन गृहप्रवेशाच्या आदल्या दिवशी रिपोर्ट मागाल, तर मीसुद्धा "नंतर बघू" म्हणेन.

दापोलीचा:

आमच्या गावी परवानाधारक ठेकेदार म्हणजे तालुक्याला जाऊन शोधायचा माणूस. पावसाळ्यात जांभ्याच्या भिंती पाणी पितात आणि आरसीसीबी पडतो, तेव्हा लोक वायरमनला शिव्या घालतात. पण तो पडतोय कारण भिंतीतून खरंच करंट झिरपतोय. शहरातले नियम इथे आणू नका असं मी म्हणत नाही, फक्त तपासणारा माणूस आधी आणा.

कायदेवाला:

दोन गोष्टी, मग वाद चालू ठेवा. वीज कंपनीची जबाबदारी मीटरपर्यंत, पुढचं वायरिंग ग्राहकाचं, हे बहुतेकांना माहीत असतं. पण वीजपुरवठा सुरू होतो त्या जागी अर्थिंगचं टर्मिनल द्यायचं आणि नीट ठेवायचं काम वीज कंपनीचं आहे. ते नसेल तर लेखी मागा.

दुसरं, घरात कोणी दगावलं तर हलगर्जीपणाने मृत्यू, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, आधीचं ३०४ अ. तेव्हा पोलीस पहिल्यांदा हेच विचारतात की काम कोणी केलं होतं.

डोंबिवलीकर:

ठराव बदलतोय. नुसता रिपोर्ट नाही. फॉल्स सीलिंग बंद करण्याआधी, घरमालक समोर असताना मेगरचं रीडिंग घ्यायचं आणि मेगरवरच्या आकड्याचा फोटो रिपोर्टला जोडायचा. छापील आकडा चालणार नाही. आरसीसीबीही सक्तीचा. आडवाप्रश्न, आता?

आडवाप्रश्न:

फोटोही व्हॉट्सअॅपवर फिरेल, एकाच्या घरचा दहाजणांना. पण छापील फॉर्मपेक्षा बरं. माझं मत विरोधातच धरा, आरसीसीबीपुरता पाठिंबा.

भाडेकरू पुणे:

मधेच विचारते. भाड्याच्या घरात राहते, मालक काही करणार नाही. आज मी स्वतः काय बघू शकते?

तारतंत्री:

ताई, डीबी उघडा. 'टी' लिहिलेलं छोटं बटण असलेला स्विच दिसला तर तो आरसीसीबी. कॉम्प्युटर बंद करून ते बटण दाबा. खटकन पडला आणि घरातली लाइट गेली, तर ठीक. बटण दाबून पडला नाही, किंवा तो पडूनही काही दिवे चालूच राहिले, तर मालकाला त्याच दिवशी कळवा, व्हॉट्सअॅपवर, म्हणजे लेखी राहतं. फ्रिजला किंवा गीझरला झिणझिण्या येत असतील तर त्याचा प्लग काढून ठेवा, चप्पल घालूनसुद्धा वापरू नका. आणि त्या बटणावरून अर्थिंग आहे की नाही हे अजिबात कळत नाही. त्याला वायरमनच बोलवा, फ्रिज आणि गीझरचं सॉकेट उघडायला सांगा, आणि तो उघडेल तेव्हा बाजूला उभ्या राहून बघा.