मका-चवळी ८ महिने टिकवायचीय, कशात ठेवू?

रानपाखरू: मळणी उरकली. ५ पोती मका, १ पोतं चवळी. थोडं खायला, बाकी भाव चढला की विकायला. मागच्या वर्षी भुंग्याने निम्मी चवळी पोखरली. पैसे ५-६ पिशव्यांपुरतेच आहेत, कोठी सुचवू नका.

मातीचं_घर: पत्र्याची कोठीच घ्या. आमची १२ वर्षं झाली, उंदराला दात लावता आलेला नाही.

बांधावरची: त्यांनी कोठी नको म्हटलंय, दादा. ताई, तिहेरी हवाबंद पिशवी घ्या. आत प्लॅस्टिकच्या दोन, बाहेर विणलेलं पोतं. किड्यांच्याच श्वासाने आतला ऑक्सिजन संपतो. ही पद्धत मुळात चवळीसाठीच निघाली, कॅमेरूनमध्ये, १९८० च्या दशकाच्या अखेरीस. भुंगा शेंगांवर अंडी घालून शेतातूनच घरी येतो, म्हणून लवकर भरा. प्रत्येक पिशवी हवा दाबून, वेगळी पिळून बांधा. सारखी उघडू नका.

जुना_नांगर: माझ्या ३ पिशव्या घुशींनी फाडल्या. भोक पडलं की ती साधं पोतंच. राख आणि कडुनिंबाचा पाला घाला.

बांधावरची: काका, भिंतीला टेकवल्या होत्या का? फळीवर, भिंतीपासून लांब हव्यात.

जुना_नांगर: टेकवूनच होत्या. घरात जागा कुठे आहे?

खळं: पोत्यात गोळ्या टाका, एक किडा दिसणार नाही. मी दरवर्षी टाकतो.

बांधावरची: कृपा करून हे कुणी करू नका! त्या गोळ्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. माणसं झोपतात त्या घरात तो जीव घेतो.

सुपातलं: धान्य वाळलंय का ते कुणीच विचारलं नाही. कोरड्या काचेच्या बाटलीत कोरडं मीठ आणि मका घालून हलवा, १०-१५ मिनिटं थांबा. मीठ काचेला चिकटलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे. असं धान्य हवाबंद बांधलं तर बुरशी धरते, आणि तिचं विष, अफलाटॉक्सिन, शिजवूनही जात नाही.

मातीचं_घर: कोठीतही ओलं चालत नाही, झाकणाला आतून घाम येतो. तरी कोठीच घ्या.

रानपाखरू: मक्याचं मीठ चिकटलं! पुन्हा ऊन देतेय. चवळी पिशवीत भरते. मका ३ पोती या आठवड्यात विकतेय, २ कणगीत.

सुपातलं: आत्ता विकू नका, ताई. काढणीला भाव सगळ्यात पडलेला असतो.

बांधावरची: +१. त्या ३ पोत्यांसाठीच तर पिशव्या हव्या होत्या ना?

रानपाखरू: माहीत आहे. पण बियाण्याची उधारी भाव चढेपर्यंत थांबणार नाही.