विंडसर्फिंग, स्पेनमधल्या तारिफाचा लेवांते वारा : ५.३ चौ. मीटरचं शीड चालेल का?

प्रश्न : वजन ७५ किलो, बोर्ड १०० लिटर. वाऱ्याचा अंदाज २५ नॉटचा, झोत ३५पर्यंत. आम्ही तिघे जातोय. ५.३ घट्ट ताणून चालेल?

उत्तर : नाही. ४.२ लावा. डाउनहॉल (शीड खाली ताणणारी दोरी) भरपूर ओढा. वरचा लीच (शिडाची मागची कड) सैल पडला की झोतातली जादा हवा तिथूनच निसटते. कमी ओढलंत तर जोर मागच्या हातावर येतो, मग हात भरून येतात.

उत्तर : सहमत. पण १०० लिटरचा बोर्ड उसळ्या मारेल. ८५ लिटर आणि लहान फिन (बोर्डाखालचं पातं) बरी. झोत आला की आधी हार्नेसवर (शिडाला अडकवायचा कमरेचा पट्टा) वजन टाका, शीड मग सोडा.

उत्तर : शिडाचं राहू द्या. लेवांते पूर्वेचा, वाल्देवाकेरोसला (तारिफाजवळचा किनारा) किनाऱ्यापासून बाहेर ढकलतो. मास्ट (शिडाचा खांब) तुटला तर आत समुद्रात वाहत जाल. तिघं एकमेकांच्या नजरेत राहा, बोर्ड सोडून पोहू नका.