मदत हवी आहे : चहा न घेणाऱ्या पाहुण्यांचे आदरातिथ्य

नमस्कार. आम्ही अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीजवळ राहतो. येत्या गुरुवारी मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे दोन तरुण धर्मप्रचारक आमच्याकडे जेवायला येणार आहेत, त्यासंबंधी आपला सल्ला हवा आहे.

दोघेही जेमतेम १९ वर्षांचे आहेत. पांढरा सदरा, टाय आणि छातीवर नावाची काळी पट्टी असा त्यांचा वेश असतो. सकाळी साडेसहाला उठून प्रार्थना व अभ्यास आटोपायचा, दिवसभर जोडीनेच लोकांना भेटायचे आणि रात्री साडेदहाला झोपायचे, असा दोन वर्षांचा क्रम त्यांनी स्वतःच्या कुटुंबाच्या खर्चाने पत्करला आहे. आठवड्यातला एक दिवस कपडे धुणे, वाणसामान आणणे आणि घरी फोन करणे यांसाठी असतो. २०१९ पूर्वी तर घरी फोन वर्षातून दोनदाच करता येत असे. मागच्या भेटीत आईचा विषय निघाला तेव्हा त्यांतला धाकटा बराच वेळ आपल्या बुटांच्या झिजलेल्या टाचांकडे पाहत राहिला, आणि मला अगदी गलबलून आले.

अडचण अशी की त्यांच्या धर्मात चहा, कॉफी व मद्य वर्ज्य आहे, आणि आल्या-गेल्याला चहा न देता पाठवणे माझ्या जिवावर येते. कोकम सरबत किंवा वेलची घातलेले मसाला दूध चालेल का? त्यांना तिखटाची सवय नाही, तेव्हा साधे वरण-भात, बटाट्याची भाजी आणि पुरणपोळी एवढे पुरेल का? आपल्यापैकी कोणी त्यांना जेवू घातले असल्यास कृपया अनुभव कळवावा.