एकच बोट, पण कधी उचलायचं?

एका बोटाने खेळायच्या मोबाइल गेम्सबद्दल ‘एका बोटाचा खेळ, त्यात डोकं कसलं?’ असं कुणीतरी म्हटलंय. नुसत्या टिचक्या मारत पक्षी उडवायच्या फ्लॅपी बर्डपुरतं मान्य. पण २०११ चा टायनी विंग्ज खेळून बघा. टेकड्यांवरून पक्षी घसरवत न्यायचा: उतारावर बोट दाबून धरायचं, चढ लागला की सोडायचं, बस्स. जरा उशीर झाला की पक्षी चढाला घासतो आणि कमावलेला वेग मातीत. हे सरळ रोलर कोस्टरचंच गणित: एकदा उंचीवर नेऊन सोडलं की पुढे उताराची कमाई चढावर खर्चायची.

माझा स्कोअर मात्र स्क्रीनगार्डने खाल्ला. जाड काच लावल्यापासून दाबून धरलेला अंगठा मध्येच ‘सुटायचा’. काच काढली, त्याच संध्याकाळी दोन बेटं (खेळातले टप्पे) पुढे गेलो. (आता फोन पडला की बायको बोलेल, ते वेगळं.)