नोस्टर: गिफ्ट रॅपच्या दोन प्रतींवरून रिलेला पाठवणाऱ्याचा माग लागतो. उपाय हवा आहे

नमस्कार. स्त्रियांना समुपदेशन देणाऱ्या एका लहान संस्थेसाठी मी नोस्टरवर, म्हणजे रिले नावाच्या स्वतंत्र सर्व्हरांमार्फत नोंदी पोहोचवणाऱ्या खुल्या प्रोटोकॉलवर, चालणारे निरोपांचे ॲप लिहीत आहे. एखाद्या बाईने आम्हाला काय लिहिले हे गुप्त राहायलाच हवे. पण तिने रात्री दीड वाजता आम्हाला लिहिले, एवढे कुणाला कळले तरी ते तिला महागात पडू शकते. त्यामुळे मजकूर कूटबद्ध झाला एवढ्यावर मला थांबता येत नाही.

सुरुवातीला मी निप-०४ वापरले होते (निप म्हणजे नोस्टरचे क्रमांकित नियम; हा कूटबद्ध खासगी निरोपांचा जुना नियम). चाचणीच्या वेळी रिलेवरची एक नोंद उघडून पाहिली, तर मजकुराच्या जागी अगम्य अक्षरांची ओळ होती, पण पाठवणाऱ्याची सार्वजनिक चावी (म्हणजे नोस्टरवरची ओळख), घेणारा कोण हे सांगणाऱ्या पी टॅगमध्ये संस्थेची चावी आणि सेकंदापर्यंतची वेळ हे सगळे उघडे होते. त्या रिलेला जोडणाऱ्या कोणालाही ते वाचता येत होते. म्हणून मी निप-१७ या नव्या नियमाकडे वळलो. त्यात मूळ निरोप सहीविना राहतो, तो पाठवणाऱ्याच्या खऱ्या चावीने सही केलेल्या सीलमध्ये, म्हणजे आतल्या कूटबद्ध पाकिटात, जातो आणि ते सील एकदाच वापरायच्या चावीने सही केलेल्या गिफ्ट रॅपमध्ये, म्हणजे बाहेरच्या कूटबद्ध पाकिटात (१०५९ प्रकारच्या नोंदीत), जाते. बाहेरून फक्त घेणाऱ्याची चावी दिसते आणि वेळही दोन दिवसांपर्यंत कितीही मागे ढकललेली असते.

या मागे ढकललेल्या वेळेमुळे माझे काही निरोप गायब झाले होते, कारण माझे ॲप शेवटच्या निरोपानंतरच्याच नोंदी मागत होते. आता ते दोन दिवस मागे जाऊन मागते आणि आधी आलेल्या नोंदी आयडीवरून गाळते. तो प्रश्न सुटला.

न सुटलेला प्रश्न असा. एकदाच वापरायची चावी फेकून दिल्यावर पाठवणाऱ्यालाही स्वतःचा निरोप उघडता येत नाही, म्हणून ॲप दुसरी प्रत तिच्या स्वतःच्या चावीसाठी पाठवते. माझ्या चाचणी रिलेच्या लॉगमध्ये या दोन्ही प्रती एकाच जोडणीवरून, एकाच सेकंदात आलेल्या दिसतात: एकीवर संस्थेची चावी, दुसरीवर त्या बाईची. नोंदीतली वेळ कितीही हलवली तरी नोंद केव्हा पोहोचली हे रिले स्वतःच्या घड्याळावरून जाणते. शिवाय निरोप वाचण्यासाठी निप-४२ या रिलेला ओळख पटवण्याच्या नियमानुसार त्याच जोडणीवर तिने आपली ओळख आधीच पटवलेली असते. ती बाई आणि संस्था यांच्या १००५० क्रमांकाच्या यादीतले (खासगी निरोप कोणत्या रिलेवर घ्यायचे ते सांगणारी यादी) रिले वेगवेगळे असते तर प्रती विखुरल्या असत्या, हे मला माहीत आहे, पण आमच्याकडे बहुतेक जणींच्या यादीत ॲपने सुचवलेला एकच रिले असतो.

वाचण्याची आणि पाठवण्याची जोडणी वेगळी ठेवावी, पाठवणारी जोडणी ओळख न पटवता टॉरमधून (जोडणी कुठून आली हे लपवणाऱ्या जाळ्यातून) न्यावी आणि स्वतःची प्रत उशिरा सोडावी, असे माझ्या मनात आहे. परंतु आमच्याकडे दिवसाला जेमतेम दहा-पंधरा निरोप येतात. एवढ्या विरळ रहदारीत पाच-दहा मिनिटांच्या उशिराने काय लपणार? गर्दीच नसेल तर मिसळायचे कुणात? स्वतःची प्रत पाठवूच नये, हा पर्याय मला सर्वांत सरळ वाटतो; फोन हरवला तर तिने लिहिलेले जाईल, पण आमच्याकडच्या काही जणींना ते गेलेलेच बरे वाटेल. प्रत्येकीला क्यूआर कोडवर संस्थेची वेगळी चावी देण्याचाही विचार केला, मात्र संस्थेचे ॲप त्या सगळ्या चाव्यांची ओळख एकाच जोडणीवर पटवू लागले की रिले त्या पुन्हा एकत्र जोडेल.

आपल्यापैकी कोणी साध्या अँड्रॉइड फोनवर अशा दोन वेगळ्या जोडण्या प्रत्यक्ष चालवल्या आहेत का? बॅटरी आणि निरोप पोहोचण्याचा वेळ यांवर किती परिणाम झाला? रहदारी वाढवण्यासाठी ठरावीक अंतराने रिकामे गिफ्ट रॅप सोडले, तर रिले ते स्पॅम समजून अडवतात का? खासगी चावी फुटल्यास जुने निरोप उघडे पडतात हा वेगळा विषय आहे. येथे मला फक्त कोणी कोणाला लिहिले हे झाकण्याविषयी मदत हवी आहे. लॉगमधल्या त्या दोन ओळी, चाव्या बदलून, कोणाला हव्या असल्यास मी येथे देईन.